मदत हवी आहे : नागपूरजवळ ८ ते ६८ वयाच्या सगळ्यांना एकत्र चढता येईल अशी जागा सुचवा

नमस्कार मंडळी,

आम्ही त्रिमूर्ती नगरला राहतो. आम्ही दोघं, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि सासरे. त्यांना घरात सगळेच आबा म्हणतात, वय ६८. दसरा झाला त्या आठवड्यात ठरवलं की दर रविवारी सकाळी पाचही जणांनी चालायला जायचं. कॉलनीतल्या बागेत गोल गोल फिरायचं नाही, थोडा चढ असलेल्या मातीच्या वाटेवर जायचं. आपल्याकडे त्यासाठी हेच दिवस बरे. पाऊस गेलेला असतो, रान हिरवं असतं, आणि एकदा मार्च लागला की सकाळी आठनंतर उन्हात पाऊल टाकवत नाही.

कारण खरंच काळजीचं आहे. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी आमच्या घरचा एक आठवडा वहीत लिहून काढला. मुलीचे शाळेतले पीटीचे दोन तास सोडले तर बाकी सगळं बसून. माझंही तेच.

पहिल्या रविवारी सेमिनरी हिल्सला गेलो. जवळ पडतं, पण मुलांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या रविवारी अंबाझरीचं जैवविविधता उद्यान. तिथे आबा आमच्या बरोबरीने चालले, पण वाट बरीचशी सपाट. म्हणून तिसऱ्या रविवारी रामटेक. पायथ्याच्या अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गडावर जायचं ठरलं. साठेक पायऱ्या चढल्यावर आबा थांबले. म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी बसतो इथं." आम्ही दीड तासाने उतरलो तेव्हा ते त्याच पायरीवर पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले होते.

घरी आल्यावर मुलाचे मोजे कुसळांनी भरलेले. आबांनी ओट्यावर पेपर पसरला आणि एकेक कुसळ उपसून त्यावर मांडलं. मग त्यातलं एक तळहातावर घेतलं, वर पाण्याचा थेंब सोडला आणि नातवाला म्हणाले, "आता पाहा." कुसळाच्या शेपटीचा पीळ सुटायला लागला आणि ते हातावर आपोआप फिरलं. "हे असंच फिरत फिरत जमिनीत घुसते." मुलगा अर्धा तास जागचा हलला नाही. रानात त्याला हे सगळं दाखवू शकेल असा माणूस आमच्यात एकच आहे, आणि शनिवारी रात्री तोच म्हणतो, "यावेळी तुम्हीच जा."

मला ते नकोय. आबांना बाकावर बसवून आम्ही फिरायचं, असं मला करायचंच नाही.

शहरापासून तासाभरात, थोडा चढ, मध्ये टेकायला जागा, अशी ठिकाणं सांगा. आणखी दोन शंका आहेत. आबांना शुगरची गोळी चालू आहे. सकाळी उपाशीपोटी नेलं तर चालेल का? आणि २०१८ साली आपल्याकडे स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची साथ आली होती, तेव्हापासून उंच गवत पाहिलं की मला धास्ती वाटते. मुलांना घेऊन जाताना काय सांभाळायचं?

प्रतिसाद १

ताई, जागा बदलण्याआधी आबांना एक विचारा. गुडघा चढताना दुखतो की उतरताना? माझ्या आईचं असंच होतं. ती चढायला नाही म्हणायची, पण खरी भीती उतरण्याची होती. उतरताना अंगाचा सगळा भार गुडघ्यावर येतो आणि मांडीचा स्नायू ब्रेक लावत राहतो.

तसं असेल तर रामटेक सोडू नका. गडावर गाडी जाते. मिस्टरांनी तुम्हाला अंबाळ्याला उतरवून गाडी वर लावायची आणि पायऱ्यांनी खाली येऊन तुम्हाला गाठायचं. चढायचं सगळ्यांनी मिळून, खाली यायचं गाडीने. हातात काठी ठेवा. खाऊची पिशवी मात्र उघडी नको, तिथली वानरं लगेच येतात.

अदासाही बघा. शमी विघ्नेशाचं मंदिर टेकडीवरच आहे, चढ लहान, आणि येताना धापेवाड्याला विठोबाचं दर्शन होतं.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आबांना रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस करायला सांगा, मांडीत जोर येईल. जमत नसेल तर आधी उशी ठेवून खुर्ची उंच करा.

शुगरचं असं की गोळी कोणती आहे त्यावर ठरतं. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी. ग्लिमेपिराइडसारखी असेल तर उपाशी चढणं धोक्याचं. त्यांच्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवून विचारा, थोडं खाऊनच निघा आणि खिशात ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला की थांबून आधी ग्लुकोज द्यायचं. घरी आल्यावर त्यांचे तळपाय उजेडात बघा. शुगरमध्ये फोड आलेला कळत नाही.

स्क्रब टायफस गवता-झुडपातल्या बारीक माइटच्या अळीमुळे होतो. पूर्ण पँट, तिचं टोक मोज्यात खोचलेलं, गवतावर थेट बसायचं नाही, सतरंजी न्यायची. आल्या आल्या साबणाने आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा, आणि काखेत, जांघेत काळी खपली दिसते का बघा. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. आबांना विचारलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "उतरतानाच. पाय लटपटतो. पोरांसमोर पडलो तर काय?" इतके दिवस त्यांनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

काल पुन्हा रामटेकला जाऊन आलो. डॉक्टरांनी पोळी-भाजी खाऊन निघायला सांगितलं होतं. दर वीस पायऱ्यांनी थांबा, आणि मोजायचं काम मुलाकडे. तो विसाव्या पायरीवर "स्टेशन आलं!" म्हणून ओरडायचा आणि आबा काठी टेकून उभे राहायचे. एका स्टेशनवर त्यांनी आपट्याचं पान दाखवलं, मधोमध दुमडलं की दोन्ही भाग कसे जुळतात ते. मुलगी पुढे पळाली नाही, आबांचा हात धरून चालली. पाऊण तास लागला. वर पोचल्यावर आबा अंबाळ्याचं पाणी दिसतं त्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत. खाली गाडीने आलो.

आता आवळी नवमीला डबे घेऊन अदास्याला जायचं म्हणतोय. कुणी नुकतं जाऊन आलं असेल तर दोन गोष्टी सांगा : तिथे गाडी टेकडीवर कुठपर्यंत जाते, आणि आसपास पाच जणांना सतरंजी टाकून जेवता येईल असं आवळ्याचं झाड कुठे आहे?