अनुभव धागा : भक्ती बर्वे, त्यांची फुलराणी आणि आपण नागपूरकर

अभिनेत्री भक्ती बर्वे यांना रंगमंचावर, दूरदर्शनवर किंवा चित्रपटात पाहिलेल्या नागपूरकरांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

झाशी राणी चौकातील जुन्या धनवटे रंगमंदिरात मी आजीबरोबर ‘ती फुलराणी’ पाहिले तेव्हा शाळेत होते. पु. ल. देशपांडे यांनी जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या इंग्रजी नाटकावरून केलेले हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आले होते. फुले विकणाऱ्या मंजूला शुद्ध बोलायला शिकवणारे प्राध्यापक सतीश दुभाषी, आणि मंजू भक्ती बर्वे. माझ्या आजीचा जन्म हिंगणघाटचा आणि सारे आयुष्य नागपूरच्या महाल भागात गेलेले. तिच्या तोंडी ‘पाणी’ हा शब्द कधी आलाच नाही, नेहमी ‘पानी’. पुण्याच्या नातेवाइकांकडे गेली की ती गप्प गप्प असे, कारण तिने ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटले की तिथली मुले हसत. मंजूच्या तोंडचा पहिला ‘न’ ऐकला आणि आजी खुर्चीत पुढे सरकली. सभागृह हसत होते, तीही हसत होती. पण त्या हसण्यात आपला अपमान आहे असे तिला एकदाही वाटले नाही, आणि याचे श्रेय मी पूर्णपणे अभिनेत्रीला देते. मंजूचे अशुद्ध बोलणे त्यांनी वेडेवाकडे तोंड करून दाखवले नाही. ती तिची रोजची, पोट भरण्याची भाषा होती आणि तीत तिचा ताठा होता. पुढे सुटीत मुंबईला मामांकडे गेले असताना दूरदर्शनवर त्याच बाईंना बातम्या वाचताना पाहिले. प्रत्येक ‘ण’ जागच्या जागी, स्वर संथ. हा गळा आणि तो गळा एकच आहे, हे मला कितीतरी वेळ खरेच वाटेना.

धंतोली येथून

मी तरुणपणी हौशी नाट्यसंस्थेत होतो आणि बाहेरगावची नाटके नागपुरात आली की पडदा ओढण्यापासून खुर्च्या मोजण्यापर्यंत पडेल ते काम करीत असे. त्यामुळे ‘फुलराणी’चा एक प्रयोग मला विंगेतून पाहायला मिळाला. प्रेक्षागृहातून जे ध्यानात येत नाही ते तिथून दिसले. मोठा हशा आला की पुष्कळ नट पुढचे वाक्य त्या हशावरच फेकतात आणि ते वाहून जाते. भक्तीबाई थांबत, मात्र ते थांबणे रिकामे नसे. हातातली टोपली या कमरेवरून त्या कमरेवर जाई, नजर एकदा प्राध्यापकाकडे वळे, आणि हशा ओसरू लागला की त्याच्या शेपटावर पुढचा शब्द येई, असा की शेवटच्या रांगेतही तो स्पष्ट ऐकू जावा. विनोदी नटाचे निम्मे काम कानाचे असते, हे मी त्या रात्री शिकलो. त्यानंतर अनेक मोठे नट विंगेतून पाहिले, पण हशा इतक्या नेमकेपणाने मोजणारे फार थोडे होते.

प्रतापनगर येथून

माझी ओळख उलट्या बाजूने झाली. वसतिगृहात आम्ही मुलांनी ‘जाने भी दो यारो’ पाहिला. १९८३ च्या त्या चित्रपटात ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादिका शोभा सेन त्यांनी साकारली आहे. भोवती सगळे धावतपळत असताना ही बाई शांत आणि गोड बोलत आपला स्वार्थ साधते. घरी आल्यावर आईने सांगितले, तेव्हा कळले की हीच फुलराणी.

मनीषनगर येथून

अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होते’विषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आयुष्यभर घर ओढलेली आई एक दिवस निवृत्ती जाहीर करते, एवढ्या कल्पनेवर नाटक उभे आहे. आई, बाबा आणि मी असे तिघे गेलो होतो. पहिल्या अंकात बाबा सर्वांत मोठ्याने हसत होते, दुसऱ्या अंकात त्यांचा आवाज येईनासा झाला. घरी परतल्यावर त्यांनी काही न बोलता गॅस पेटवला आणि दूध तापवायला ठेवले. ते उतू गेले, ओट्यावर पसरले, आणि आई पुसायला उठली तेव्हा त्यांनी तिच्या हातातून फडके घेतले. आमच्या घरात हे त्याआधी कधी घडले नव्हते. हसवता हसवता समोरच्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात आणून उभे करण्याची ताकद त्या अभिनयात होती, असे मी अगदी मनापासून म्हणतो.

सदर येथून

१२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात भक्ती बर्वे गेल्या. वय अवघे बावन्न. त्यांचे पती, अभिनेते शफी इनामदार, १९९६ मध्येच गेले होते. आमच्याकडे दौऱ्यावर आलेले कलावंत प्रयोग संपला की रात्रीच गाडीत बसत आणि आम्ही निर्धास्तपणे हात हलवून त्यांना निरोप देत असू. त्या बातमीनंतर मला तसा निर्धास्त निरोप कुणालाच देता आला नाही.

मानकापूर येथून

मंजू प्राध्यापकाला धडा शिकवण्याची प्रतिज्ञा करते ते स्वगत महाराष्ट्रातल्या किती मुलींनी स्नेहसंमेलनात म्हटले असेल, याची गणतीच नाही. मीही आठवीत म्हटले होते. एका स्पर्धेत परीक्षकांनी मला बोलावून सांगितले की अभिनय बरा आहे, परंतु तुझ्या बोलण्याला वऱ्हाडी वास येतो. पुढची दोन वर्षे मी रंगमंचावर पाऊल ठेवले नाही. नंतर भक्ती बर्वे यांचे तेच स्वगत ध्वनिफितीवर वारंवार ऐकले, तेव्हा माझी खरी चूक उमगली. मी सारे स्वगत एकाच रागात म्हणत होते. त्यांच्या आवाजात आधी अपमान आहे, मग लहान मुलीचा हट्ट, मग स्वप्नातली ऐट, आणि प्रत्येक वळणावर श्वास वेगळा आहे. बोलीचा दोष कुठेच नव्हता. आता मी शाळेत शिकवते. या वर्षी स्वगतासाठी निवडलेली मुलगी तालमीला आली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, “बाई, ‘न’ म्हनू का ‘ण’ म्हनू?” मी तिला म्हटले, “मंजू म्हणते तेच म्हण, फक्त घाई करू नकोस.” ऐटीच्या भागापर्यंत ती छान पोहोचते, तिथे तिचा दम तुटतो. दररोज मधल्या सुटीत आम्ही तेवढ्याच चार ओळी घेत आहोत.