उपवासाच्या ताटातलं किती काय अमेरिकेतून आलं? आणि खिचडीचा गोळा का होतो?

पंचांगवाचक:
एकादशीला घरोघरी होणारे पदार्थ डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप, राजगिऱ्याचे लाडू, वरीचा भात, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा. यातलं निम्म्याहून अधिक १५०० सालाआधी भारतात नव्हतंच, असं वाचनात आलं. नेमकं बाहेरचं काय आणि इथलं काय? बाहेरचं असून ते उपवासाला चालायला कसं लागलं? आणखी एक, स्वयंपाकातला प्रश्न: कृती तीच, हात तोच, पण साबुदाण्याचं पाकीट बदललं की खिचडीचा गोळा होतो. असं का?

बीजकोश:
वाचलंत ते खरं आहे. अमेरिका खंडातून आलेलं आधी सांगतो: ज्या कंदापासून साबुदाणा बनतो तो कसावा (आपल्याकडे शाबूकंद म्हणतात), शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, लाल भोपळा, राजगिरा. फळांत पपई, पेरू, चिकू, अननस, सीताफळ. इथलं किंवा आशियातलं म्हणजे वरी, शिंगाडा, सुरण, काकडी, केळं, नारळ आणि दूधदुभतं.

खिचडीपुरतं बोलायचं तर साबुदाणा, कूट, बटाटा, मिरची हे चारही अटलांटिकपलीकडचे. उरलं तूप, जिरं, मीठ आणि वरून पिळलेलं लिंबू.

हे सगळं इकडे आलं त्यात पोर्तुगीज जहाजांचा वाटा मोठा. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्रालचा काफिला १५०० च्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. ब्राझील आणि मलबार एकाच फेरीत! १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात आल्यावर बी, रोपं, कंद उतरायला कायमचं बंदर मिळालं. काजूही ब्राझीलचाच.

आता चालतं कसं? माझं मत असं, की एकादशीला वर्ज्य होतं ते रोजचं अन्न: तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी. नवे कंद आले ते आपसूक कंदमुळांच्या पंक्तीत बसले, आणि ज्याचं नावच निषेधाच्या यादीत नाही त्याला कोण अडवणार? वनस्पतिशास्त्राची फुटपट्टी इथे लावून उपयोग नाही. शेंगदाणा हा तूर-हरभऱ्याच्या कुळातला, म्हणजे चक्क कडधान्य, तरी तो चालतो. वरी ही भाताच्याच गवतकुळातली, तीही चालते. उलट हळद आणि हिंग इथे शतकानुशतकं वापरात असूनही बऱ्याच घरांत उपवासाला चालत नाहीत. घराघराची रीत वेगळी आहे आणि ती तशी असण्यात काहीच वावगं नाही. पदार्थ परदेशी म्हणून उपवास कमी प्रतीचा ठरतो, हे मात्र मला अजिबात पटत नाही.

स्टार्चघर:
साबुदाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण गोळा होण्याचं उत्तर कारखान्यातच आहे.

मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या सागो नावाच्या ताडाच्या खोडातून निघे. कसावा रुजावा म्हणून त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी केरळात प्रयत्न केले. पुढे १९४२ मध्ये जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं, तिकडची आयात आटली आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. आजही देशातल्या साबुदाण्याचं मुख्य केंद्र सेलमच. २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

कंद धुऊन, सोलून किसतात. किसाचं दूध गाळून हौदात स्थिर ठेवलं की काही तासांत सत्त्व तळाशी बसतं. वरचं पाणी काढून टाकतात. हे काढून टाकणं महत्त्वाचं, कारण कच्च्या कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. किसणं, धुणं, भाजणं आणि वाळवणं यांतून ती निघून जातात. (म्हणून कसाव्याचा कंद कधी घरी आणलात तर सोलून, भरपूर पाण्यात शिजवून, ते पाणी फेकून द्या. कच्चा खाऊ नका.) ओलसर सत्त्वाचा चुरा हलत्या झोळीत घोळवला की गोल दाणे वळतात. ते चाळून तापलेल्या तव्यांवर भाजतात आणि उन्हात वाळवतात.

भाजताना दाण्याचं बाहेरचं कवच शिजतं, आतलं सत्त्व कच्चं राहतं. भाजणी कमी पडलेल्या दाण्याचं कवच कच्चं असतं, म्हणून भिजवतानाच तो विरघळून चिकट होतो. नायलॉन साबुदाणा भाजत नाहीत, वाफवतात, त्यामुळे तो काचेसारखा दिसतो. तो तळून चिवड्याला घालायचा, खिचडीला नको.

नवं पाकीट आणलं की चमचाभर दाणे अर्ध्या वाटी पाण्यात तासभर ठेवा. दाणे अखंड फुगले तर माल चांगला. पाणी दुधासारखं दाट होऊन दाण्यांचं पीठ झालं, तर त्याची खिचडी करू नका. थालीपिठात किंवा खिरीत संपवा. फार पांढराशुभ्र दिसतो म्हणून घेऊ नका. तो रंग आणायला काही ठिकाणी ब्लीचिंगची रसायनं वापरली जातात.

आता एका वाटीची खिचडी. साबुदाणा दोन-तीन पाण्यांतून धुवा, वरची भुकटी गेली पाहिजे, कारण शिजल्यावर तिचीच खळ होते. मग पाणी दाण्यांच्या जेमतेम वर येईल एवढंच ठेवून पाच-सहा तास झाका. दाणा बोटांत दाबल्यावर पूर्ण चिरडला पाहिजे. मधे टणक लागला तर दोन चमचे पाणी शिंपडून अर्धा तास थांबा. ओला राहिला तर फडक्यावर पसरा. अर्धी ते पाऊण वाटी जाडसर कूट, मीठ, चिमूटभर साखर हे सगळं कढईत टाकण्याआधी साबुदाण्याला हलक्या हाताने चोळा. कूट जास्तीचं पाणी शोषतं आणि दाण्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं. तूप दोन मोठे चमचे तरी हवं, यात काटकसर केलीत की दाणे चिकटणारच.

आच मध्यम. उलथनं खालून घालून परता, घोटू नका. सत्तर अंशांच्या आसपास हे सत्त्व फुगून पारदर्शक होतं, त्यापुढे तापत राहिलं की फुटून चिकट होतं. म्हणून बहुतेक दाणे पारदर्शक दिसले की एकच दोन मिनिटांची वाफ द्या आणि गॅस बंद करा. झाकण ठेवून विसरलात तर चांगल्या मालाचाही गोळा होतो.

लाह्यावाला:
राजगिऱ्याबद्दल भर घालतो, कारण यादीतली सगळ्यात नवलाची गोष्ट तीच आहे. दाण्यासाठी पिकवलेल्या राजगिऱ्याच्या जाती मूळच्या अमेरिकेतल्या, माठाची भाजी मात्र आशियातली. मेक्सिकोत आस्तेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक घालून विट्झिलोपोच्ट्ली या देवाची मूर्ती घडवत आणि सणाला तिचे तुकडे वाटून खात. स्पॅनिश मिशनऱ्यांनी ती प्रथा बंद पाडली. पण राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात बांधून केलेली वडी तिकडे आजही विकली जाते, तिला 'आलेग्रिया' म्हणतात. आपली चिक्की आणि ती वडी शेजारी ठेवली तर वेगळी ओळखणं कठीण.

लाह्या घरी करायच्या तर जाड बुडाची कढई चांगली तापवा. थेंबभर पाणी टाकल्यावर ते नाचत उडालं पाहिजे. एका वेळी एकच चमचा राजगिरा टाका, फडक्याच्या बोळ्याने फिरवा, दहा-पंधरा सेकंदांत फुटतो, लगेच काढा. कढई कमी तापली तर दाणे न फुटता करपतात, जास्त टाकले तर खालचे जळतात आणि वरचे तसेच राहतात. मग चाळणीने न फुटलेले वेगळे करा, लाडवात तेच दाताखाली कचकच लागतात. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळली की लाह्या घाला आणि गरम असतानाच लाडू वळा.

मंडईकर:
भगरीबद्दल, म्हणजे वर आलेल्या वरीबद्दल, एक सावधगिरी. महाशिवरात्र, नवरात्र, एकादशीच्या सुमारास भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात. दमट साठवणीत भगरीवर अॅस्परजिलस बुरशी वाढते आणि ती विषारी द्रव्यं तयार करते. शिजवल्याने ती नष्ट होतील या भरवशावर राहू नका. सुटी भगर आणि भगरीचं तयार सुटं पीठ टाळा, बंद पाकिटावरची तारीख बघा, लागेल तेवढीच आणून घरीच दळा. कुबट वास आला तर सरळ टाकून द्या. खाल्ल्यावर उलट्या, चक्कर, हातापायांना कंप असं काही जाणवलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा.

पंचांगवाचक:
सगळ्यांचे आभार. @स्टार्चघर, रात्रीच भिजवून ठेवला तर चालेल ना? आणि घाईत गरम पाण्यात भिजवला तर?

स्टार्चघर:
रात्रभर चालतो, पाणी मात्र वर सांगितलं तेवढंच. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो. कडक पाणी नको: बाहेरचा थर लगेच फुगून चिकटतो आणि मधला गाभा कोरडाच राहतो. फारच घाई असेल तर कोमट पाणी आणि बारीक साबुदाणा घ्या, तरी दीड-दोन तास द्यावे लागतील.