पूर्णवेळ नोकरी सांभाळून भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घ्यायचंय. हिशेब आणि तयारी कशी करावी?

पहिलं_पाऊल

नमस्कार. सोमवार ते शुक्रवार पूर्णवेळ नोकरी आहे आणि कामाच्या वेळेत फोन घेणं जमत नाही. राहतं घर आहे, त्यावर कर्ज नाही. आता एक लहान घर घेऊन ते भाड्याने द्यायचा विचार आहे. किमतीच्या ३० टक्के रक्कम हाताशी आहे, उरलेल्या ७० टक्क्यांसाठी २० वर्षांचं कर्ज, व्याज ८ टक्के. पाहिलेल्या घरांत वर्षाचं भाडं किमतीच्या सात टक्क्यांच्या आसपास पडतं. एजंट म्हणतो, "हप्ता भाड्यातूनच सुटेल."

हे खरं आहे का? घर पाहायला गेल्यावर तासाभरात नेमकं काय तपासायचं? आणि भाडेकरू आल्यावर नोकरीच्या वेळेत त्रास होऊ नये म्हणून आधीच काय लावून ठेवायचं? कर आणि भाडेकायदा ठिकाणाप्रमाणे बदलतो, त्यासाठी स्थानिक सल्लागार गाठणार आहे. बाकीचं इथे विचारावंसं वाटलं.

आकडेमोड

हप्ता भाड्यातून सुटणार नाही. तुमच्याच आकड्यांवर मांडून दाखवतो.

घराची किंमत १००० धरा, चलन कुठलंही असो. भाडं महिन्याला ६, म्हणजे वर्षाला ७२. एजंटचा हिशेब इथे संपतो, तुमचा इथून सुरू व्हायला हवा.

भाडेकरू दोन वर्षं राहिला आणि गेल्यावर साफसफाई, रंग, नवा माणूस शोधणं यात दोन महिने गेले, तर सरासरी वर्षाला एक महिना रिकामा. ६ गेले, ६६ राहिले. डागडुजीसाठी किमतीचा एक टक्का, म्हणजे १०. हा खर्च दर वर्षी सारखा येत नाही. तीन वर्षं काहीच लागत नाही आणि चौथ्या वर्षी रंग, गीझर आणि मोरीची गळती एकदम दारात उभी राहते. म्हणून पैसे मात्र दर वर्षी बाजूला काढायचे. मालमत्ता कर, विमा आणि इमारतीचा देखभाल खर्च मिळून ९ धरले आहेत. तुम्ही हा आकडा अंदाजाने घेऊ नका, विकणाऱ्याकडे मागच्या वर्षाच्या पावत्या मागा. देखरेखीसाठी मिळालेल्या भाड्याच्या ८ टक्के, म्हणजे साधारण ५. सगळं स्वतः बघणार असाल तरी हे ५ वजा कराच. उद्या बदली झाली, नोकरीतलं काम वाढलं, तर कुणाला तरी नेमावं लागेलच, आणि तेव्हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरायला नको.

उरले ४२. म्हणजे निव्वळ उत्पन्न ४.२ टक्के.

आता ७०० चं कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलंत, तर महिन्याचा हप्ता ५.८५, वर्षाचे ७०. हातात ४२, द्यायचे ७०. दर वर्षी २८ ची पदरमोड, तीही पगारातून. "ती तर बचतच झाली" असं कुणी म्हणेल, तर त्याला पहिल्या वर्षाचा तक्ता दाखवा: ७० पैकी सुमारे ५५ व्याजात जातात आणि मुद्दल फक्त १५ ने कमी होतं. म्हणजे २८ पैकी १३ गेले ते गेलेच. किंमत वाढली तर ते भरून निघेल. पण मग ती भाड्याच्या उत्पन्नासाठी केलेली गुंतवणूक नाही, भाववाढीवर लावलेला पैसा आहे, एवढं स्वतःशी स्पष्ट असू द्या.

मूळ गोष्ट अशी की घर ४.२ टक्के कमावतंय आणि कर्ज ८ टक्के खातंय. अशा वेळी कर्ज जितकं जास्त तितका तोटा जास्त. याच घरावर ना नफा ना तोटा अशा हप्त्यात बसणारं कर्ज सुमारे ४१८ आहे. मी त्याहून कमीच घेईन. निव्वळ उत्पन्न हप्त्याच्या निदान सव्वा पट असावं ही कसोटी लावली, तर कर्ज ३३५ वर थांबतं. म्हणजे १००० च्या घरात स्वतःचे ६६५ हवेत. तुमच्याकडे ३०० आहेत. याच प्रमाणात तुम्हाला झेपणारं घर ४५० च्या आसपासचं, आणि तेही नोंदणी, दलाली आणि राखीव रक्कम बाजूला काढण्याआधी. ते वजा केलंत की आकडा आणखी खाली येईल.

राखीव रक्कम म्हणजे सहा महिन्यांचे हप्ते अधिक घराचा सहा महिन्यांचा खर्च. ती वेगळ्या बँक खात्यात ठेवा. भाडं त्याच खात्यात येऊ दे, घराचा प्रत्येक खर्च तिथूनच जाऊ दे. पगाराच्या खात्यात सगळं मिसळलं की वर्षअखेरीस घर कमावतंय की खातंय हे कळत नाही. व्याजदर बदलता असेल तर तोही ताणून पाहा. तेच ७०० चं कर्ज साडेनऊ टक्क्यांवर गेलं की वर्षाचे ७० चे ७८ होतात.

भाड्याच्या आकड्याबद्दल एक सांगायचं राहिलं. जाहिरातीतलं भाडं हे मागितलेलं भाडं असतं, मिळालेलं नव्हे. त्याच भागातल्या, त्याच आकाराच्या पंधराएक घरांच्या जाहिराती तारखेसकट वहीत लिहा आणि दर रविवारी पाहा. दोन आठवड्यांत जी निघून गेली, त्यांचं भाडं बाजाराच्या जवळचं. महिना उलटूनही जी तिथेच आहेत, त्यांचा आकडा हिशेबात घेऊ नका.

नोकरीशी संबंधित दोन गोष्टी. कर्जमंजुरी आणि रक्कम हाती येणं यांच्या मधल्या काळात नोकरी बदलू नका, बँक मंजुरी मागे घेऊ शकते. आणि सेवाशर्ती वाचा. स्थावर मालमत्ता किंवा इतर उत्पन्न कळवणं काही ठिकाणी बंधनकारक असतं.

ओलंबा

पाहणीबद्दल लिहितो. तासभर पुरतो, पण क्रम ठरलेला हवा.

शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर लगेच जा. कोरड्या दिवसांत, ताज्या रंगाखाली ओल दिसत नाही. संपूर्ण घर जुनं आणि एकाच भिंतीचा खालचा फूटभर भाग नवा रंगवलेला असेल, तर तिथे हाताची उलटी बाजू लावा. शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागली तर आत पाणी आहे असा संशय घ्यायचा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग दिसली, तर पाया असमान खचला असण्याची शक्यता असते. तिथे रंगाऱ्याचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. केसाएवढ्या जाळीदार भेगा बहुतेकदा गिलाव्याच्या असतात, त्यांनी घाबरू नये.

पाण्याची चाचणी अशी: स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला नळ एकदम पूर्ण सोडा आणि फ्लश ओढा. धार निम्म्याहून कमी झाली तर पाइप आतून क्षारांनी भरलेले असू शकतात. मग न्हाणीघरात दोन बादल्या पाणी जाळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ओता. पाणी जाळीकडे धावलं पाहिजे. कोपऱ्यात साचून राहिलं तर फरशीचा उतार चुकलाय, आणि साचलेलं पाणी सांध्यांतून खाली उतरतं. नाण्याने फरश्या ठोकून पाहा. ठणठण भरीव आवाज चांगला. पोकळ आवाज आला की फरशीखालचा मसाला सुटलाय.

न्हाणीघराखाली ज्यांचं घर येतं त्यांना भेटा, दोन मिनिटं त्यांचं छत पाहू द्या म्हणा. वरच्या घरातलं दुखणं खालच्या छतावर उमटतं. इतकी खरी माहिती विकणाऱ्याकडून मिळत नाही.

वीज: मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारा खटका, आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. पडला नाही किंवा तो नाहीच, तर वायरमनकडून बदलून घेण्याचा खर्च किमतीतून मागून घ्या. भाड्याच्या घरात यात तडजोड करू नका, तिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

घरात येणारं सगळं पाणी बंद करणारा मेन कॉक कुठे आहे ते शोधा आणि फिरवून पाहा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक गंजून जागच्या जागी बसतो आणि पाइप फुटतो त्या दिवशीच हे समजतं. घर घेतल्यावर त्याला लाल पट्टी बांधा, दर सहा महिन्यांनी बंद-चालू करा आणि भाडेकरूला पहिल्याच दिवशी हाताने फिरवून दाखवा. तुम्ही कामावर असताना घर वाचवणारी गोष्ट हीच आहे.

न्हाणीघर नव्याने करायचं असेल, तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि फरशी बसवण्यापूर्वी जाळी बंद करून इंचभर पाणी २४ तास उभं ठेवायला लावा. पातळीवर खडूने खूण करा. थोडं पाणी हवेतही उडतं, पण ठळक घट किंवा खालच्या छतावर ओल दिसली, तर काम परत करून घ्या. कंत्राटदार घाईत असतो. पैशांचा पुढचा टप्पा या चाचणीनंतरच द्यायचा, हे आधी लिहून घ्या.

पहिलं_पाऊल

मनापासून आभार. आकडा खाली आणतोय. त्या किमतीत दोन घरं नजरेत आहेत, दोन्ही जुनी. त्यातल्या एकात भाडेकरू आधीच राहतोय आणि विकणारा म्हणतो की हाच फायदा, पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू. घ्यावं का?

जुडगा

फायदा होऊ शकतो, पण तुम्ही घराबरोबर दुसऱ्याने केलेला करारही विकत घेताय. भाडेकरूकडून सहीनिशी एका कागदावर लिहून घ्या: भाडं किती, कोणत्या तारखेला देतो, अनामत किती आणि कुणाकडे आहे, करार कधी संपतो, मालकाने तोंडी काय काय कबूल केलंय. "रंग काढून देतो", "भाडं दोन वर्षं वाढवणार नाही" असली आश्वासनं करारात सापडत नाहीत आणि नंतर तुमच्याकडे मागितली जातात. भाडं बँकेत जमा झाल्याचे बारा महिन्यांचे उतारे मागा. विक्रीपूर्वी ओळखीच्या माणसाला चढ्या भाड्याने बसवून उत्पन्न फुगवल्याचे प्रकार होतात. उताऱ्यात दोनच महिने दिसले तर सावध व्हा. अनामत रक्कम खरेदीच्या हिशेबात तुमच्याकडे वळती झालीच पाहिजे, कारण पुढे ती परत तुम्हालाच द्यायची आहे.

आता नोकरीच्या वेळेबद्दल. भाडेकरू नीट निवडला की निम्मं काम तिथेच संपतं. निकष आधी कागदावर लिहा आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच लावा. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट ही सर्रास वापरली जाणारी कसोटी आहे. पगाराची कागदपत्रं बघा आणि चौकशी आताच्या मालकाकडे नको, त्याच्या आधीच्या मालकाकडे करा. आताच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो गोडच बोलणार. रिकाम्या घराला घाबरून नकोसा वाटणारा माणूस ठेवू नका. एक महिना रिकामा गेला तर एका महिन्याचंच भाडं जातं. थकबाकीदार बाहेर काढायला किती महिने जातील ते कुणाच्याच हातात नसतं.

ताबा देताना घाई नको, शनिवारची सकाळ त्यासाठी मोकळी ठेवा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, मीटरच्या आकड्यांचे फोटो, किल्ल्या मोजून, पंखे-दिवे-नळ यांची यादी आणि दोघांच्या सह्या. पुढे अनामतीवरून होणारे वाद बहुतेक इथेच मिटतात.

तातडीचं म्हणजे काय ते करारातच लिहा: पाणी थांबत नसणं, गॅसचा वास, वायर जळल्याचा वास, बाहेरचं दार उघडत किंवा लागत नसणं. यासाठी फोन. बाकी सगळं लेखी संदेशाने, फोटोसकट, आणि तुम्ही संध्याकाळी ठरलेल्या वेळी उत्तर देणार. मग ती वेळ तुम्ही पाळलीच पाहिजे, नाहीतर भाडेकरू दुसऱ्या आठवड्यापासून ऑफिसच्या वेळेत फोन करू लागतो, आणि त्यात त्याची चूक नसते. प्लंबर, वायरमन आणि कुलूप-किल्लीवाला यांच्याशी घर घेण्यापूर्वीच बोलून ठेवा. महिन्याच्या भाड्याच्या दहा टक्क्यांपर्यंतचं काम न विचारता करा, आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवा, पैसे त्याच दिवशी मिळतील, असं सांगा. तुमचे पैसे वेळेवर येतात हे कारागिराला कळलं की तो तुमच्या हाकेला आधी धावतो.

मॅनेजर नेमायचा तर करारात तीन जागा बघा. शुल्क मिळालेल्या भाड्यावर असावं, ठरलेल्या भाड्यावर नको. नाहीतर भाडं थकलं तरी त्याचे पैसे चालूच राहतात. नवा भाडेकरू आणण्याचे वेगळे किती घेतो ते विचारा. ते जास्त असतील तर भाडेकरू टिकवण्यात त्याला रस उरत नाही. आणि दुरुस्तीच्या बिलावर स्वतःची भर घालतो का, हे लेखी विचारा. घर तुमच्या घरापासून अर्ध्या तासात असेल तर पहिलं वर्ष स्वतःच सांभाळावं, असं माझं मत. कशाला किती वेळ लागतो ते कळतं आणि मग मॅनेजरचं काम जोखता येतं. दूर असेल तर हट्ट करू नका, पहिल्या दिवसापासून माणूस नेमा.

ओलंबा

वर रिकाम्या महिन्याचा उल्लेख आलाय म्हणून भर घालतो. बंद घरात न्हाणीघराच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या भागातलं, पाणी काही आठवड्यांत आटतं आणि गटाराचा वास घरभर पसरतो. नेमकं तेव्हाच घर पाहायला माणसं येतात. कुलूप लावण्यापूर्वी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल ओता. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. कमोडमध्ये पाणी आहे ना ते बघून झाकण लावा, मेन कॉक बंद करा आणि पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा.