मदत हवी आहे: एनके पेशी लाल रक्तपेशींना का सोडतात?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एनके म्हणजे नैसर्गिक मारक पेशी (प्रतिकारशक्तीतल्या पेशी) कर्कपेशींना कशा ओळखतात, यावर सेमिनार द्यायचा आहे आणि एका जागी अडले आहे.

मारक टी पेशीला शत्रू कळायला समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या एमएचसी वर्ग-१ रेणूवर मांडलेला पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, लागतो. (माणसात या रेणूंना एचएलए म्हणतात.) म्हणून काही कर्कपेशी हे रेणूच दाखवेनाशा होतात आणि नेमक्या तिथेच एनके पेशींच्या तावडीत सापडतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या क्लास केरे यांच्या गटाने १९८६ साली उंदराच्या लिम्फोमावर (लसिका पेशींच्या कर्करोगावर) हे दाखवलं. एमएचसी असलेल्या पेशी थोड्याच टोचल्या तरी गाठ वाढायची, एमएचसी गमावलेल्या तितक्याच पेशी टोचल्या तर बहुधा नाही. किती सुंदर प्रयोग!

पण लाल रक्तपेशीवर एचएलए जवळपास नसतंच. मग एनके पेशी त्यांचा फडशा का पाडत नाहीत? आणि एचएलए शाबूत असलेल्या काही कर्कपेशीसुद्धा मारल्या जातात, ते कसं?

प्रतिसाद १

ताई, मनाई उठली म्हणजे हुकूम मिळाला असं होत नाही. एनके पेशीला दोन्ही बघावं लागतं.

मनाई करणारे रिसेप्टर (एनके पेशीवरचे संकेत टिपणारे रेणू) म्हणजे केआयआर आणि एनकेजी२ए. समोर एचएलए दिसलं की ते आतला संदेश थोपवतात. हुकूम देणारे वेगळे, त्यातला एनकेजी२डी सेमिनारमध्ये हवाच. तो मायका, मायकबी आणि यूएलबीपी हे रेणू पकडतो. निरोगी पेशींवर ते फारसे नसतात. डीएनएला इजा झाली, पेशी कर्करोगाकडे वळली की पृष्ठभागावर येतात. लाल रक्तपेशीवर मनाई नाही, पण हुकूमही नाही. शिवाय तिला केंद्रकच नाही, त्यामुळे असं नवं जनुक चालू होण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रयोगाच्या पुढे आहे. केरे यांच्या त्या लिम्फोमाचं नाव आरएमए, आणि एमएचसी गमावलेला प्रकार आरएमए-एस. २००१ साली दुसऱ्या एका गटाने एमएचसी शाबूत असलेल्या आरएमए पेशींवर आरएई-१ हा एनकेजी२डीचा लिगंड (त्याला जुळून चिकटणारा रेणू) चढवला, आणि उंदरांच्या एनके पेशींनी त्या नाकारल्या. हुकूम पुरेसा जोरकस असला की मनाई तोकडी पडते.

धागाकर्ती

खूप खूप आभार, आता उलगडलं! मग कर्कपेशीने एचएलएही घालवलं आणि मायकाही, तर?

प्रतिसाद २

तसं घडतं. एडॅम१० आणि एडॅम१७ ही विकरं मायका कापून रक्तात सोडतात. पृष्ठभागावर लिगंड उरत नाही, वर मोकळ्या मायकामुळे एनकेजी२डी सुद्धा कमी होतो. गाठीतून येणारा टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक रेणूही एनकेजी२डी कमी करतो. अशा वेळी बाहेरून हुकूम देता येतो: रिटुक्सिमॅबसारखं प्रतिपिंड कर्कपेशीला चिकटतं आणि एनके पेशी सीडी१६ या आपल्या रिसेप्टरने त्याची शेपटी धरते.

एक भर. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (एमएचसी वर्ग-१ रेणूचा एक आवश्यक भाग) नसलेल्या उंदरांत एमएचसी वर्ग-१ जवळपास कुठेच दिसत नाही, तरी त्यांच्या एनके पेशी स्वतःच्या शरीरावर उलटत नाहीत. घडतानाच स्वतःचं एमएचसी न भेटल्याने त्या मंद राहतात. परीक्षक हे हमखास विचारतात. स्लाइडवर आरएमए, आरएमए-एस आणि आरएई-१ चढवलेली आरएमए शेजारी शेजारी दाखवा.