क्यूटी ॲपमधून चालवलेल्या कमांडलाइन प्रोग्रॅमचं आउटपुट तो चालू असतानाच कसं मिळवायचं?

प्रश्न

जुन्या मुलाखतींच्या आणि गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा आहे. त्या फाइली एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारं एक डेस्कटॉप ॲप लिहितोय. सी++ आणि क्यूटी 6 (विंडो आणि बटणांची ॲप्स बनवायची लायब्ररी), सध्या लिनक्सवर, पुढे विंडोजवरही न्यायचंय. खरं काम दोन कमांडलाइन प्रोग्रॅम करतात. एफएफएमपेग फॉरमॅट बदलतो आणि मी सीमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम फाइलीतल्या शांत जागा शोधत टक्केवारी छापत जातो. ॲप वापरणारी मंडळी टर्मिनल उघडणार नाहीत, त्यामुळे काय चाललंय ते त्यांना विंडोतच दिसायला हवं.

बटण दाबल्यावरच्या फंक्शनमध्ये क्यूप्रोसेस (दुसरा प्रोग्रॅम चालवणारा क्यूटीचा क्लास) बनवतो, त्याला स्टार्ट करतो, मग वेटफॉरफिनिश्ड, म्हणजे प्रोग्रॅम संपेपर्यंत थांबणं, आणि शेवटी रीडऑलस्टँडर्डआउटपुट, म्हणजे त्याने छापलेलं सगळं वाचणं. होतं ते असं: तेवढा वेळ विंडो गोठते. फाइल छोटी असली तर शेवटी सगळं ठीक. मोठी असली तर साधारण अर्ध्या मिनिटाने विंडो पुन्हा हलायला लागते, पण तयार झालेली फाइल मध्येच तुटलेली असते. एफएफएमपेगकडून तर एक अक्षर येत नाही, फाइल नीट झाली तरी. आणि माझा सी प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये एकेक टक्का दाखवतो, पण ॲपमधून चालवला की शून्यापासून शंभरापर्यंत सगळं एकदम शेवटी येतं. या तक्रारी एकाच कारणाच्या आहेत की वेगवेगळ्या?

उत्तर 1

वेगवेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या काढल्या की प्रत्येक सोपी आहे.

आधी तुटलेली फाइल, कारण नुकसान तिथे होतंय. वेटफॉरफिनिश्डला काही सांगितलं नाही तर तो 30000 मिलिसेकंद थांबतो, म्हणजे बरोबर तुमचं अर्धं मिनिट. तेवढ्यात काम झालं नाही तर फॉल्स देऊन परत येतो. तुमचा क्यूप्रोसेस त्या फंक्शनमधला लोकल व्हेरिएबल असणार. फंक्शन संपलं की तो नष्ट होतो आणि जाताना चालू असलेल्या प्रोग्रॅमला मारून जातो. ॲप टर्मिनलमधून चालवून पाहा, प्रोसेस चालू असतानाच क्यूप्रोसेस नष्ट झाल्याचा इशारा छापलेला दिसेल. वेळ वाढवून प्रश्न सुटणार नाही, विंडो गोठलेलीच राहील. विंडो ज्यात चालते त्या मेन थ्रेडमध्ये थांबायचंच नाही. क्यूप्रोसेस क्लासचा मेंबर करा, रेडीरीडस्टँडर्डआउटपुट, रेडीरीडस्टँडर्डएरर आणि फिनिश्ड हे तीन सिग्नल (काही घडलं की क्यूटी देतो त्या सूचना) आपापल्या स्लॉटला, म्हणजे सूचना आल्यावर चालणाऱ्या फंक्शनला, जोडा, स्टार्ट करा आणि फंक्शनमधून बाहेर पडा.

एफएफएमपेग गप्प नाही. तो सगळं स्टँडर्ड एररवर, म्हणजे संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर, लिहितो, कारण स्टँडर्ड आउटपुटवर कधीकधी खुद्द ऑडिओ किंवा व्हिडिओ पाठवायचा असतो. तुम्ही ऐकताय दुसरीकडे. पण ती माणसांसाठी असलेली ओळ वाचून टक्के काढायच्या फंदात पडू नका. ती न्यूलाइनऐवजी कॅरिज रिटर्नने (त्याच ओळीच्या सुरुवातीला परत नेणाऱ्या चिन्हाने) संपते, त्यामुळे क्यूप्रोसेसच्या रीडलाइनला ओळ पूर्ण झाल्याचं कळतच नाही. त्याऐवजी एफएफएमपेगला मायनस प्रोग्रेस हा पर्याय देऊन त्यापुढे पाइप कोलन एक लिहा. मग स्टँडर्ड आउटपुटवर नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत अशा साध्या ओळी येतात. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटची ओळ प्रोग्रेसची असते, काम चालू असेपर्यंत तिची किंमत कंटिन्यू आणि संपलं की एंड. त्यातली आउट टाइम एमएस ही किंमत नाव काहीही सांगो, मायक्रोसेकंदात असते, तेव्हा आउट टाइम यूएस वापरा. टक्के काढायला लागणारी एकूण लांबी आधी एफएफप्रोबकडून (एफएफएमपेगसोबतचा, फाइलीची माहिती सांगणारा प्रोग्रॅम) घेऊन ठेवा. आणि मायनस नोएसटीडीइन द्यायला विसरू नका, नाहीतर तो कीबोर्डची वाट पाहत इनपुट वाचत राहतो.

उत्तर 2

सी प्रोग्रॅमबद्दल मी सांगतो, कारण याच प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त भरकटतात. थ्रेड बदलतात, टायमर लावतात, आणि दोष वाचणाऱ्या बाजूला नसतोच.

सीमधलं छापायचं फंक्शन प्रिंटएफ लगेच बाहेर काही पाठवत नाही, आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं. समोर टर्मिनल असेल तर ओळ संपली की बफर रिकामा होतो. समोर पाइप (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी वाट, तुमच्या ॲपमध्ये हीच असते) असेल तर बफर पूर्ण भरल्यावर किंवा प्रोग्रॅम संपल्यावर. लिनक्सवर पाइपसाठी हा बफर साधारण 4096 बाइटांचा असतो. आता तुमचा हिशोब करा: शून्य ते शंभर अशा 101 ओळी, एकेक दहा-बारा बाइटांची. सगळं मिळून बाराशेच्या आसपास. बफर कधी भरतच नाही, म्हणून सगळं शेवटी एकदम येतं. ॲपशिवाय खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्येच तुमचा प्रोग्रॅम पाइपने कॅट कमांडला जोडून चालवा. तिथेही तो गप्पच बसेल.

सोर्स तुमच्याच हातात आहे, तेव्हा प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश करा, म्हणजे बफर लगेच रिकामा करा, आणि मोकळे व्हा. मेनच्या सुरुवातीला सेटव्हीबफने लाइन बफरिंग (दर ओळीला बफर रिकामा होणं) मागता येतं, पण विंडोजवर मायक्रोसॉफ्टची सी लायब्ररी लाइन बफरिंगची मागणी पूर्ण बफरिंगसारखीच वागवते. तुम्हाला तिकडे जायचंय, म्हणून एफफ्लशच बरा.

सोर्स हातात नसलेल्या प्रोग्रॅमला लिनक्सवर स्टडबफ ही बफरिंग बदलणारी कमांड लावून पाहता येतं. तो लायब्ररी प्रीलोड करून काम करतो, म्हणून स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे लायब्ररी आतच बांधून घेतलेल्या, प्रोग्रॅमवर त्याचा काही परिणाम होत नाही. शेवटचा उपाय स्यूडो टर्मिनल, म्हणजे प्रोग्रॅमला समोर टर्मिनल आहे असं भासवायचं. मी तो टाळतो. रंगांचे एस्केप कोड आउटपुटमध्ये घुसतात आणि आउटपुट व एरर एकत्र होऊन येतात, मग निस्तरत बसा.

प्रश्नकर्ता

मेंबर केला, सिग्नल जोडले, एफफ्लश टाकला. मोठी फाइलही पूर्ण झाली आणि टक्के एकेक करून सरकताना दिसले, फार बरं वाटलं. आता एकच राहिलंय. सी प्रोग्रॅम टक्क्याबरोबर फाइलीचं नावही छापतो. नावं मराठीत आहेत आणि मधूनच एखाद्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकट येतो. दर वेळी वेगळ्या अक्षराला. टर्मिनलमध्ये तीच नावं स्वच्छ दिसतात.

उत्तर 1

दर वेळी वेगळं अक्षर, यातच उत्तर आहे. देवनागरीचा प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-8मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) तीन बाइट घेते. रेडीरीडचा सिग्नल आला म्हणजे ओळ पूर्ण आली असं नाही, त्या क्षणी पाइपमध्ये होतं तेवढं आलं. तुकडा ‘मा’च्या सहा बाइटांपैकी चौथ्यावर तुटला की ‘म’ नीट येतो, मात्रा फुटते. तुम्ही प्रत्येक तुकड्यावर फ्रॉमयूटीएफ8 (बाइटांची अक्षरं करणारं फंक्शन) चालवत असणार. क्यूस्ट्रिंगडिकोडर वापरा, तो अर्धवट राहिलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी जपून ठेवतो. आउटपुटला एक आणि एररला वेगळा, दोन्ही क्लासचे मेंबर.

उत्तर 2

इथे ओळीओळीनेच छापायचंय, तेव्हा डिकोडरशिवायही भागेल. आलेले बाइट एका क्यूबाइटअरेमध्ये (क्यूटीचा बाइट ठेवायचा साठा) साठवत जा, न्यूलाइन सापडली की तिथपर्यंतचा भाग कापून मगच फ्रॉमयूटीएफ8. यूटीएफ-8मध्ये न्यूलाइनचा बाइट दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही, म्हणून तिथे कापणं नेहमी सुरक्षित. फिनिश्ड आल्यावर साठ्यात उरलेली शेवटची ओळ मात्र काढून घ्या, तिला न्यूलाइन नसू शकते.

उत्तर 3

एक भर घालतो. एररऑकर्ड हा चूक झाल्याचा सिग्नलही जोडा. ज्या कॉम्प्युटरवर एफएफएमपेग बसवलेलाच नाही तिथे प्रोग्रॅम सुरूच होत नाही, आणि अशा वेळी फिनिश्ड येत नाही. बटण तुम्ही फिनिश्डवर पुन्हा चालू करत असाल तर ते कायमचं बंद राहील आणि समोरच्या माणसाला कारण कळणार नाही. तिथे ‘एफएफएमपेग सापडला नाही’ एवढं स्पष्ट लिहून दाखवा.