स्वर्ल मार्क्स हातानेच काढावेत, मशीन नको – पटतंय का?

कासारवडवलीकर
माझी गाडी काळी, सहा वर्षांची, घोडबंदर रोडला सोसायटीत उघड्यावर उभी असते. मेट्रोच्या कामाची धूळ रोजची. ऊन डोक्यावर आलं की बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या बारीक गोल रेघा, म्हणजेच स्वर्ल मार्क्स, दिसतात. गेले दोन रविवार बसून बॉनेट आणि डावीकडचे दोन्ही दरवाजे हाताने पॉलिश केले. निम्म्याहून जास्त रेघा गेल्या.

माझं मत स्पष्ट आहे : घरची गाडी हातानेच करावी. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. पॉलिशची मशीन चुकीच्या हातात पडली तर तो थर कधी उडाला हे कळतही नाही. हाताने तेवढं नुकसान करायचं म्हटलं तरी होत नाही. गाडी नीट धुवा, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवा, मग सावलीत, पत्रा गार असताना, एका वेळी फूटभर चौकोनच घ्या. फोमच्या ॲप्लिकेटरवर पॉलिशचे तीन-चार थेंब पुरतात. उभं-आडवं चोळा आणि दर चौकोनाला मायक्रोफायबरची कोरी बाजू वापरा. खांदे दुखतात, पण आपल्या गाडीचा पत्रा हाताला कळायला लागतो.

ऐरोली_डीए
रेघा गेल्या की झाकल्या गेल्या? बऱ्याच पॉलिशमध्ये तेल आणि फिलर असतात. ते रेघांत बसतात, चार धुण्यांत निघून जातात आणि जाळं परत वर येतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून बॉनेट पुसा आणि रात्री टॉर्च मारून बघा.

शिवाय हाताचा दाब बोटांखाली जास्त पडतो, मध्ये कमी. एका चौकोनात दहा जागी दहा तऱ्हेची झीज होते. मशीनबद्दलची भीती ही खरं तर रोटरी प्रकारच्या मशीनची आहे. ती एकाच आसावर फिरते, जागा तापवते आणि नवख्या हातात होलोग्राम, म्हणजे उजेडात चमकणारे बफिंगचे पट्टे, सोडते. डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीन, फिरताफिरता हेलकावतेही, जोर जास्त दिला की तिचं फिरणं मंदावतं. तुमच्या दोन रविवारांचं काम ती दोन तासांत करेल, तेही एकसारखं.

कासारवडवलीकर
काल रात्री पुसून पाहिलं. दरवाजे जसेच्या तसे आहेत, पण बॉनेटवर बऱ्याच रेघा परत दिसल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तरीही दरवाजांचं काम खरंच झालंय, आणि तेवढ्यासाठी मी मशीन विकत घेणार नाही.

रबाळ्याचा_पेंटवाला
दोघा दादांना सांगतो, मी एकोणीस वर्षं गाड्या रंगवायच्या बूथमध्ये आहे. प्रत्येक गाडीचा क्लिअर कोट सारखा कडक नसतो. मऊ असला तर हातानेही रेघ निघते, कडक असला तर हात नुसता चोळत राहतो. म्हणून आधी एका कोपऱ्यात करून बघायचं.

दरवाजाच्या मुठीमागच्या वाटीत नखांचे ओरखडे असतात, तिथे मशीन जात नाही, ते हाताचंच काम. बॉनेटच्या धारेवर रंग सगळ्यात पातळ. तिथे मी स्वतः टेप लावतो, मशीन नेत नाही. प्लास्टिकचा बंपर लवकर तापतो, तिथेही जपून. आणि नख अडकेल असा ओरखडा पॉलिशने जाणार नाही, त्याच्यामागे लागून क्लिअर कोट खाऊ नका. उन्हापासून रंगाला तोच वाचवतो. दर पॉलिशला तो थोडा खर्च होतो, हाताने केलं तरी.

खारघरची_मेघा
सगळे काढण्यावर बोलताय, येतात कुठून ते कोणी बोलत नाही. आमच्याकडे गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत, एका फडक्याने दहा-बारा गाड्या पुसायचा. धुळीतली वाळू क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक असते. कोरड्या गाडीवर फडका फिरला की रेघ पडलीच. त्या मुलाचा दोष नाही, त्याला वेळ आणि पाणी दोन्ही मोजून मिळतं. मी त्याचे पैसे तेवढेच ठेवले आणि रोजचं पुसणं बंद केलं. आठवड्यातून एकदा दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खंगाळायची. हे बदललं नाही तर हाताने करा नाहीतर मशीनने, दिवाळीपर्यंत जाळं परत.

ऐरोली_डीए
मेघाताई, धुण्याचं शंभर टक्के मान्य. पण पडलेलं जाळं धुण्याने जात नाही, ते एकदा नीट काढावंच लागतं. आणि बॉनेटवरचं जाळं हाताने निघालं नाही हे आता त्यांनीच पाहिलंय.

कासारवडवलीकर
बॉनेटपुरतं मान्य. छत, मुठी आणि उजवी बाजू मात्र मी हातानेच करणार, यावर ठाम आहे. पुसणाऱ्याला उद्यापासून सांगतो, आधी पाणी ओत, मग हात लाव. पेंटवाले दादा, गाडी जुनी घेतलेली आहे, आधी किती वेळा बफ, म्हणजे मशीनने पॉलिश, झालीय ठाऊक नाही. मशीन लावण्याआधी रंगाची जाडी मोजून द्याल का?

रबाळ्याचा_पेंटवाला
शनिवारी सकाळी या. धुऊन आणा, पण वॅक्स लावू नका.