काळीतली प्रत्येक भेग मुरमाने बुजत नाही

निफाडची_लेक
काल इथे एकाने लिहिलं, "काळ्या मातीला भेगा उन्हानेच पडतात. शेततळ्याच्या बांधावर भेग दिसली की मुरूम भरा, पाणी मारा, रोलर फिरवा, विषय संपला." त्याखाली पाच-सहा जणांचं 'बरोबर' वाचून गप्प बसवेना.

उन्हाची भेग जाळ्यासारखी पसरते, खाली निमुळती होते आणि पावसात माती फुगली की मिटते. भाराची भेग बांधाच्या माथ्यावरून लांबच लांब जाते आणि तिची एक कड दुसरीपेक्षा खाली बसलेली असते. तोवर बांधाच्या पोटात माती सरकू लागलेली असते. आधी तुटक, तिरक्या चिरा पडतात, मग त्या एकमेकींना जुळतात आणि बोटभर जाडीचा पट्टा होतो. त्या पट्ट्यात मातीचे चपटे कण सरकण्याच्या दिशेने आडवे पडतात.

आमच्या शेततळ्याचा बांध परतीच्या पावसात बसला. खणल्यावर एक ढेकूळ अलगद सुटलं. आतली बाजू शिसपेन्सिलीने घोटल्यासारखी चकाकत होती, वर सरकल्याच्या रेघा. वडील कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत होते. घोटलेल्या त्या जागेला पहिली ताकद परत येत नाही. वर कितीही मुरूम टाका.

भराववाला_सिन्नर
ताई, 22 वर्षं भराव करतोय. मुरूम भरलेले माझे बांध आजही उभे आहेत. नाशिकचं गंगापूर धरण मातीचंच आहे, 1965 पासून उभं आहे. पुस्तकातलं इथे आणू नका.

पाटबंधारे_निवृत्त
धरणाचा दाखला देताय तर पुरता द्या. धरणात हार्टिंग, म्हणजे मधला गाभा, चिकणमातीचं, केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, मुरमाचं, ओल मोजून थरावर थर दाबलेला. शेततळ्याला खोदलेली काळी ढेकळांसकट बाजूला लोटतात. आणि धरणंही घसरतात. इंग्लंडमधलं कार्सिंग्टन 1984 साली बांधून होत आलेलं असताना घसरलं. तळाच्या पिवळ्या चिकणमातीत जुने सरकलेले पृष्ठभाग तसेच राहिले होते. ब्रिटिश मृदातज्ज्ञ स्केम्प्टननी 1964 मध्येच सांगितलं होतं की चिकणमाती खूप सरकली की तिची ताकद घटत जाऊन शेवटी थोडीच उरते. काही मातींत 20 अंशांचा घर्षणकोन, म्हणजे माती सरकायला किती विरोध करते त्याचं माप, 10 च्या खाली येतो.

भराववाला_सिन्नर
लोटतात म्हणे! जेसीबी तासावर चालतो. शेतकरीच म्हणतो, रोलर नको, डिझेल वाढेल. मग बांध बसला की आम्ही चोर.

बागाईतदार_काका
रोलर लागतो हे मला कुणी सांगितलंच नाही. द्राक्षाचं कर्ज डोक्यावर, तळं उन्हाळ्याआधी भरायचं होतं. अडीच दिवसांत बांध उभा करून दिला आणि पैसे मोजून घेतले. दुसऱ्या पावसाळ्यात तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटला, पाणी खालच्या शेजाऱ्याच्या कांद्यात. तो अजून बोलत नाही माझ्याशी.

भराववाला_सिन्नर
काका, ते काम माझं नव्हतं.

बागाईतदार_काका
तुमचं म्हटलं नाही. पण सांगायचं काम तुमच्याच धंद्याचं ना? आम्हाला काय कळतं हार्टिंग न फार्टिंग!

पाटबंधारे_निवृत्त
भांडण पुरे, पाण्याचं बघा. माथ्यावरची 2 मीटर खोल भेग पावसाने भरली तर दर मीटर लांबीला सुमारे 2 टन आडवा रेटा बसतो. तो ढकलतो उताराकडेच, म्हणजे सरकू लागलेल्या बाजूलाच. भेग उघडी ठेवू नये हे खरं, तेवढ्यापुरतं भराववाल्यांचं बरोबर. पण मुरमातून पाणी झिरपतं. तात्पुरती बुजवायची तर चिकणमातीने ठोकून, वर ताडपत्री.

भराववाला_सिन्नर
ठीक आहे. माथ्याची भेग लांब असेल आणि कड बसली असेल तर आधी खणून बघीन. पण उन्हाच्या भेगेसाठी बांध उकरा म्हणाल तर ऐकणार नाही.

निफाडची_लेक
तसं कुणी म्हटलेलंच नाही, दादा. आम्ही सरकलेला भाग चकाकीच्या खालपर्यंत काढला, मूळ मातीत पायऱ्या कापल्या, वीतभर थर देऊन दाबला, बाहेरचा उतार पसरट केला. ती बाजू टिकली आहे. पण आज पूर्वेच्या माथ्यावर चार पावलं लांब भेग दिसली, आतली कड बोटभर खाली. सकाळी मोटर लावून तळं रिकामं करणार आहे.

पाटबंधारे_निवृत्त
एकदम उपसू नका! कागद कुठे फाटला असेल तर बांध भिजलेला असणार. आतून पाण्याचा आधार झटकन गेला की आतलाच उतार खाली येतो. रोज थोडं काढा, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजत राहा.

भराववाला_सिन्नर
ताई, उद्या माझा पोकलेन ओझरला आहे. दुपारी येऊन बघतो, बघण्याचे पैसे नाहीत. तोवर मोटर बंद ठेवा.